बरोबरीत सुटलेल्या डावाचे विश्लेषण कसे करावे

बुद्धिबळात हरलेला डाव माणूस विसरत नाही आणि जिंकलेला डाव चार जणांना सांगतो. बरोबरीत सुटलेल्या डावाचा नोंदीचा कागद मात्र पिशवीच्या कप्प्यात घडी होऊन पडून राहतो. ‘अर्धा गुण मिळाला, दोघेही चांगले खेळलो’ एवढ्यावर विषय मिटतो. माझ्या अनुभवात हौशी खेळाडूला सर्वांत जास्त शिकवणारा डाव हाच असतो. निकाली डावात शेवटची मोठी चूक इतकी ठळक असते की नजर तिच्यावरच खिळते. बरोबरीच्या डावात माझी चूक समोरच्याच्या चुकीखाली झाकली जाते, आणि ज्या एका अचूक खेळीने डाव वाचला ती खेळीही दोघांच्या लक्षात राहत नाही. या दोन्ही गोष्टी शोधून काढण्यासाठी कोणत्या क्रमाने बसावे, हे या लेखात एका प्रत्यक्ष डावाच्या आधाराने सांगतो.

डाव जळगावच्या एका रविवारच्या स्पर्धेतला आहे. प्रत्येकी ६० मिनिटे आणि दर खेळीला ३० सेकंदांची भर, अशी वेळ होती. पांढरी मोहरी माझ्याकडे होती आणि समोर भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ खेळाडू होते, ज्यांना आमच्या भागातले सगळे बुद्धिबळपटू ‘नाना’ म्हणतात. पावणेतीन तास खेळून ५३व्या खेळीला आम्ही बरोबरी मान्य केली. डाव संपला तेव्हा माझी पक्की समजूत होती की मी जिंकत आलेला डाव कुठेतरी सोडला. ही समजूत किती खरी होती, हे विश्लेषणाशिवाय कळले नसते.

पटावरून उठल्यानंतरचा पहिला अर्धा तास

डाव संपल्यावर पहिला हात मोबाइलकडे जातो. तो आवरा. इंजिनाने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीने, एकदा उत्तर सांगितले की आपण खेळताना काय विचार केला होता, तो काही मिनिटांत पुसला जातो आणि त्याच्या जागी इंजिनाचा विचार येऊन बसतो. आपल्याला दुरुस्त करायचा आहे तो आपला विचार, म्हणून तो आधी जपला पाहिजे.

याच अर्ध्या तासात समोरच्या खेळाडूशी बोलून घ्यावे. स्पर्धेच्या दालनात इतरांचे डाव चालू असतात, म्हणून बाहेर पडवीत किंवा झाडाखाली बसावे. वयाने मोठा खेळाडू असेल तर आपण होऊन नम्रपणे विचारावे, मी एवढेच म्हणालो, “नाना, दहा मिनिटं बसता का? तुमचं म्हणणं ऐकायचं होतं,” आणि ते लगेच म्हणाले, “बस ना भाऊ, गाडीला अजून वेळ आहे.” हौशी खेळाडू सहसा नाही म्हणत नाहीत, कारण इतका वेळ ज्या गोष्टीत डोके घातले तिच्याबद्दल बोलायला त्यांनाही कोणीतरी हवेच असते.

या बैठकीत आपली बाजू सिद्ध करत बसू नये. मी तीन प्रश्न ठरवून ठेवले आहेत: तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कधी वाटली, माझ्या कोणत्या खेळीची तुम्हाला भीती होती जी मी खेळलोच नाही, आणि अमुक ठिकाणी तुमचा बेत काय होता. उत्तर मिळाले की ते खोडून न काढता नोंदीच्या कागदामागे लिहून घ्यावे. नानांनी पहिल्या प्रश्नाला सांगितले की २८व्या खेळीच्या सुमारास त्यांना आपला डाव गेल्यासारखा वाटत होता. मी थक्क झालो, कारण त्याच सुमारास मीही माझी बाजू वाईट समजून बचावाचा विचार करत होतो. चुरशीच्या बरोबरीत हे फार वेळा घडते. दोघेही एकाच वेळी घाबरलेले असतात आणि म्हणून दोघेही पटावर जे आहे त्यापेक्षा कमी मागतात. हे कोणतेही इंजिन सांगू शकत नाही, ते फक्त समोरचा माणूस सांगू शकतो.

त्याच दिवशी करायची नोंद

मी भुसावळ–सुरत मार्गाच्या गाडीने जळगावहून अमळनेरला परततो. तो तासाभराचा प्रवास मी नोंदीसाठी राखून ठेवलेला आहे. ज्याला असा प्रवास नसेल त्याने रात्री जेवणानंतर बसावे, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. झोपेनंतर खेळ्या आठवतात, त्यांच्यामागची कारणे आठवत नाहीत.

आधी डावाची नोंद स्वच्छ लिहून काढावी. दर खेळीला ३० सेकंद किंवा त्याहून अधिक भर असेल तर नियमाप्रमाणे शेवटपर्यंत नोंद ठेवावीच लागते. भर त्याहून कमी असेल किंवा नसेलच, तर घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरल्यावर नोंद थांबवता येते, आणि बहुतेक चुरशीच्या डावांची शेवटची पाने त्यामुळेच कोरी राहतात. अशी पाने समोरच्याबरोबर बसून लगेच भरून घ्यावीत. त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या खेळीपुढे तेव्हा मनात काय होते ते एका वाक्यात लिहावे. वाक्य प्रामाणिक असले पाहिजे. ‘घोड्याला चांगले घर दिले’ असे नंतर सुचलेले शहाणपण नको; ‘काही सुचले नाही म्हणून घोडा हलवला’ असे असेल तर तसेच लिहावे.

घड्याळाची नोंदही तेवढीच मोलाची आहे. मी डाव खेळताना दर पाचव्या खेळीला उरलेली मिनिटे कागदाच्या कडेला टिपतो, आणि एखाद्या खेळीला दहा मिनिटांहून जास्त वेळ गेला तर तिथेही आकडा टाकतो. नानांविरुद्धच्या डावात १९व्या खेळीला १७ मिनिटे गेलेली दिसली. खेळताना तो वेळ मला पाच-सहा मिनिटांचा वाटला होता.

लाकडी पट आणि दोन बैठका

विश्लेषणाची पहिली बैठक इंजिनाशिवाय आणि शक्यतो खऱ्या पटावर करावी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की दुपारी कोणतेही डोके चालत नाही. ऊन उतरल्यावर ओट्यावर पट मांडून बसणे हेच सोयीचे असते. मोहरी हाताने हलवताना वेग आपोआप कमी होतो, आणि विश्लेषणाला तोच हवा असतो. पडद्यावर बाण दाबत पन्नास खेळ्या दीड मिनिटात संपतात.

या बैठकीत सगळ्या खेळ्या सारख्या बारकाईने पाहायच्या नाहीत. निर्णायक जागा शोधायच्या आहेत. मी ज्या खुणा पाहतो त्या अशा: जिथे मोहऱ्यांची अदलाबदल होऊन डावाचे स्वरूप बदलले, जिथे एखादे प्यादे पुढे गेले आणि ते आता मागे येणार नाही, जिथे खूप वेळ गेला, जिथे बरोबरीचा प्रस्ताव आला किंवा नाकारला गेला. यात आणखी एक खूण बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे जिथे आपण अर्ध्या मिनिटाच्या आत, ‘हे तर उघडच आहे’ म्हणून खेळलो. माझ्या डावात अशा पाच जागा निघाल्या: ११, १९, ३१, ३६ आणि ४७.

सुरुवातीवर फार वेळ घालवू नये. डाव कोणत्या खेळीला माहितीच्या वाटेवरून उतरला आणि त्यानंतर आपण स्वतः जो बेत केला तो त्या रचनेला धरून होता का, एवढे पाहिले की पुरे. ११वी खेळी तीच जागा होती आणि तिथे गंभीर काही नव्हते. हौशी खेळाडूंचे डाव सुरुवातीमुळे क्वचितच ठरतात, तरीही विश्लेषणाचा निम्मा वेळ सुरुवातीवर खर्च होतो, कारण तिथे पाठ केलेली उत्तरे हाताशी असतात.

१९व्या खेळीला मी घोडा देऊन समोरचा उंट घ्यावा की नाही यावर १७ मिनिटे घालवली आणि शेवटी तो न घेता हत्ती मधल्या पट्टीवर आणला. ती खेळी वाईट नव्हती. पण कागदावर तीन पर्याय लिहून प्रत्येकाखाली पुढच्या तीन-चार खेळ्या लिहिल्या, तेव्हा लक्षात आले की मी पटावर बसून तेच दोन पर्याय आळीपाळीने सहा-सात वेळा मोजले होते आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी थांबलो होतो. दोष खेळीचा नव्हता, मोजण्याच्या पद्धतीचा होता. याचे मोल पुढे ४७व्या खेळीला चुकवावे लागले, म्हणून निर्णायक जागा सुट्या सुट्या न पाहता त्यांच्यात धागा आहे का तेही तपासावे.

३१व्या खेळीला नानांनी बरोबरीचा प्रस्ताव दिला. मी तो लगेच नाकारला. कारणापुढे मी गाडीत लिहिले होते: ‘त्यांचे मानांकन माझ्यापेक्षा कमी आहे.’ हे कारण पटावरचे नाही. प्रस्ताव नाकारणे चूक होते असे माझे म्हणणे नाही, उलट खेळत राहिलो म्हणूनच पुढचे सगळे शिकायला मिळाले. पण नाकारताना ‘आता मी कशावर दबाव आणणार’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि पुढच्या चार खेळ्यांत मी राजा नुसता एका घरातून दुसऱ्या घरात हलवला. प्रस्ताव स्वीकारला असो वा नाकारला असो, त्या क्षणी स्थितीबद्दल आपले मत काय होते ते एका वाक्यात लिहून काढावे. वाक्य लिहिता आले नाही, तर निर्णय भावनेने घेतला होता असे समजावे.

दुसरी बैठक समोरच्या बाजूने करावी. हे मी अक्षरशः करतो: पट फिरवतो, काळी मोहरी माझ्याकडे घेतो आणि डाव पुन्हा पहिल्या खेळीपासून खेळतो. बरोबरीच्या डावासाठी ही पायरी टाळताच येत नाही, कारण आपण सुटलो कुठे हे आपल्या बाजूने दिसतच नाही. माझ्या बाजूने पाहताना ३६वी खेळी मला ‘शांत’ वाटली होती. काळ्याच्या बाजूने बसल्यावर दहा मिनिटांत दिसले की नानांचा हत्ती माझ्या दुसऱ्या ओळीवर शिरू शकत होता आणि माझी दोन प्यादी एकाच वेळी कचाट्यात सापडली असती. मी ते खेळताना पाहिले नाही, नानांनीही पाहिले नाही. म्हणजे ‘मी जिंकत आलेला डाव सोडला’ ही माझी समजूत इथेच अर्धी मोडली.

४७वी खेळी: एक जागा जवळून

आता ज्या जागेवर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा होता तिच्याकडे येतो. ४७व्या खेळीपूर्वी पटावर सहाच मोहरी होती. पांढरे: राजा जी५, हत्ती ए६, प्यादे ई४. काळे: राजा डी७, हत्ती डी६, प्यादे ई५. खेळी माझी. वाचकाने पट काढून ही स्थिती मांडावी (अक्षर म्हणजे उभी पट्टी, अंक म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ).

नानांनी हत्ती डी६ वर आणून अदलाबदल मागितली होती. माझ्या घड्याळात तीन मिनिटांहून कमी वेळ होता. मी मोजले: हत्ती घेतो, त्यांचा राजा डी६ वर घेतो, माझा राजा एफ५ वर जातो, आता त्यांची खेळी आहे, राजाला हलावेच लागेल आणि ई५ चे प्यादे पडेल. मोजणी अगदी बरोबर होती. प्यादे खरोखरच पडले. मी मोजणे तिथेच थांबवले.

डाव असा झाला. ४७. हत्ती घेतो डी६ शह, राजा घेतो डी६. ४८. राजा एफ५. या स्थितीत काळ्याला फक्त पाच खेळ्या उपलब्ध आहेत, आणि पाचही राजाच्या: सी५, सी६, सी७, डी७ आणि ई७. प्यादे अडकलेले आहे, डी५ वर माझ्या प्याद्याचा मारा आहे आणि ई६ वर माझ्या राजाचा. ई५ चे प्यादे पाचांपैकी कोणत्याही खेळीने वाचत नाही. प्रश्न एवढाच आहे की मी ते घेतल्यानंतर काळा राजा कुठे उभा असेल आणि खेळी कोणाची असेल.

स्वाभाविक खेळी ई७ ची वाटते, कारण तिथून राजा प्याद्याच्या वाटेवर समोरच उभा राहतो. तीच हरते. ४८… राजा ई७ नंतर ४९. राजा घेतो ई५, आणि आता दोन्ही राजे एक घर सोडून समोरासमोर आहेत व खेळी काळ्याची आहे. काळ्याला बाजूला व्हावे लागते, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो (४९… राजा डी७ ५०. राजा एफ६) आणि प्यादे वजीर होते. सी५, सी६ किंवा सी७ वर राजा नेला तर तो ई७ पर्यंत वेळेत पोहोचत नाही.

नाना खेळले ४८… राजा डी७. आता ४९. राजा घेतो ई५, राजा ई७. स्थिती तीच आहे, राजे तसेच समोरासमोर आहेत, फक्त खेळी माझी आहे. आणि एवढ्या एका फरकाने डाव बरोबरीचा होतो. पुढे ५०. राजा डी५, राजा डी७. ५१. ई५, राजा ई७. ५२. ई६, राजा ई८. इथे पुन्हा एकच खेळी वाचवते: राजा सरळ मागे. डी८ किंवा एफ८ वर तिरका गेला असता, तर माझा राजा डी६ वर आला असता आणि त्यांच्या राजाला ई८ वर यावे लागले असते. मग ई७ नंतर तो बाजूला ढकलला जाऊन प्यादे वजीर झाले असते. ५३. राजा डी६, राजा डी८, आणि इथे मी हात पुढे केला, कारण ५४. ई७ शह, राजा ई८, ५५. राजा ई६ नंतर काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, म्हणजे स्टेलमेट.

आता विश्लेषणात या जागेला कोणते प्रश्न विचारावेत ते पाहू. पहिला प्रश्न ‘मी जिंकत होतो का’ हा नसून ‘मी मोजणे कुठे थांबवले’ हा आहे. प्यादे पडते तिथे मी थांबलो. राजा-प्याद्यांच्या डावात मोहरे मिळण्याच्या क्षणी मोजणे थांबवू नये. समोरचा राजा शेवटचे उत्तर देतो तिथपर्यंत, म्हणजे इथे आणखी दोन अर्ध्या खेळ्या (एका बाजूची एक चाल ती अर्धी खेळी), पुढे जायला हवे होते. दुसरा प्रश्न असा की अदलाबदल टाळून काय करता आले असते. हत्ती ए५ खेळून ई५ वर दाब कायम ठेवता आला असता आणि काळ्या राजाला ई६ वर येऊन प्यादे राखत बसावे लागले असते. यात विजयाची हमी नाही, मोहऱ्यांची संख्या सारखीच आहे. पण हत्ती पटावर असताना नानांना प्रत्येक खेळीला नवा बचाव शोधावा लागला असता, आणि त्यांच्याही घड्याळात वेळ थोडाच होता. मी ती अनिश्चितता स्वतःच्या हाताने संपवली. तिसरा प्रश्न वेळेचा: १९व्या खेळीला गेलेल्या १७ मिनिटांपैकी पाच मिनिटे इथे असती, तर दोन अर्ध्या खेळ्या पुढे पाहणे मला अशक्य नव्हते.

हत्ती बदलण्याचा निर्णय किती जड असतो, याचे सर्वांना परिचित उदाहरण २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आहे. सिंगापूरमध्ये १४व्या आणि शेवटच्या डावात डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी गुकेशविरुद्ध एक प्यादे कमी असलेली, पण राखता येण्याजोगी स्थिती राखत होता. दोघांकडे हत्ती आणि उंट होते. ५५व्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल मागितली. गुकेशने हत्ती घेतला, उंट डी५ वर आणून उंटांचीही अदलाबदल भाग पाडली, आणि राहिलेला राजा-प्याद्यांचा डाव डिंगसाठी हरलेला होता. ५८व्या खेळीला त्याने डाव सोडला. अदलाबदलीनंतरचा राजा-प्याद्यांचा डाव शेवटपर्यंत मोजल्याशिवाय हत्तीला हात लावू नये, हे त्या पातळीवरही तितकेच खरे ठरले, आणि म्हणून माझ्यासारख्या खेळाडूने ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हरकत नाही.

इंजिन कधी आणि कसे

दोन्ही बैठका संपल्या, पाच जागांवर आपले मत लिहून झाले, की मगच इंजिन उघडावे. स्टॉकफिश हे इंजिन विनामूल्य आहे आणि लायचेस (lichess.org) या संकेतस्थळावर ते वेगळे काही न बसवता वापरता येते. पण ‘संपूर्ण डावाचे विश्लेषण’ हे बटण दाबून आलेख पाहत बसू नये. आपल्या पाच जागांवर एक एक करून यावे, एकाऐवजी खेळ्यांच्या तीन पर्यायी ओळी दाखवायला सांगावे आणि आपण लिहिलेल्या पर्यायांशी त्या ताडून पाहाव्यात. इंजिन वेगळी खेळी सुचवत असेल तर आपली खेळी पटावर खेळून तिला इंजिन काय उत्तर देते ते बघावे. चूक कशी शिक्षा मागते हे तिथे कळते. नुसता आकडा पाहून कळत नाही.

बरोबरीच्या डावात एक धोका विशेष आहे. इंजिन शून्य दाखवते आणि आपण सुस्कारा टाकतो. शून्याचा अर्थ एवढाच की दोन्ही बाजूंनी सर्वोत्तम खेळ झाला तर डाव बरोबरीचा आहे. ४८व्या खेळीनंतरच्या माझ्या स्थितीला इंजिन शून्यच देते, पण काळ्याच्या पाच खेळ्यांपैकी चार हरतात. हे शून्य आणि जिथे कोणतीही खेळी चालते ते शून्य यांत आमच्यासारख्या खेळाडूंसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून शून्य दिसले की समोरच्याकडे डाव राखणाऱ्या किती खेळ्या होत्या ते मोजावे. एकच असेल, तर आपण चांगला दबाव आणला होता आणि समोरच्याने तो चांगला परतवला. दोन्ही गोष्टी वहीत लिहाव्यात.

राजांसह पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतील तर अंदाजाची गरजच नाही. अशा सर्व स्थितींची उत्तरे टेबलबेसमध्ये, म्हणजे संगणकाने आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या संग्रहात, तयार आहेत आणि लायचेसवर ती पाहता येतात. तिथे प्रत्येक खेळीपुढे जिंकणारी, बरोबरीची की हरणारी ते स्पष्ट दिसते. मात्र टेबलबेस कारण सांगत नाही. कारण आपण पटावर आधी शोधलेले असेल तरच त्याचा उपयोग होतो.

बरोबरीच्या नियमांकडेही एकदा पाहावे

डाव तिहेरी पुनरावृत्तीने, ५० खेळ्यांच्या नियमाने किंवा परस्परसंमतीने सुटला असेल, तर ती प्रक्रिया आपण नीट पाळली का हेही विश्लेषणाचाच भाग आहे, कारण अर्धा गुण अनेकदा इथे हुकतो. प्रस्ताव द्यायचा तो आपली खेळी पटावर केल्यानंतर आणि घड्याळ दाबण्यापूर्वी, आणि दोघांनीही नोंदीत बरोबरीचे चिन्ह टाकायचे. तिहेरी पुनरावृत्तीत खेळ्या सलग तीनदा यायला हव्यात असा गैरसमज आमच्याकडे अजून ऐकू येतो. स्थिती तीनदा यावी लागते, सलग असण्याची गरज नाही; प्रत्येक वेळी खेळी त्याच बाजूची असावी आणि किल्लेकोटासारखे (राजा व हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे) हक्कही तेच असावेत. आपल्या पुढच्या खेळीने ती स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर खेळी पटावर न करता आधी कागदावर लिहून पंचांना सांगावे. मोहरे हलवून मोकळे झालो की त्या खेळीवरचा हक्क गेला. स्थिती पाच वेळा आली, किंवा दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी ७५ खेळ्यांत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरे मारले गेले नाही, तर मात्र कोणी न मागताही डाव बरोबरीत संपतो, अर्थात त्या शेवटच्या खेळीने मात झाली नसेल तर.

नोंदीवरून सराव

सगळे झाल्यावर वहीत डावासाठी एक पान द्यावे. माझ्या पानावर या डावाच्या तीनच नोंदी आहेत. एक, तेच दोन पर्याय तिसऱ्यांदा मोजतो आहोत असे लक्षात आले की थांबून तिसरा पर्याय शोधायचा. दोन, समोरच्याचा हत्ती दुसऱ्या ओळीवर येऊ शकतो का हे प्रत्येक शांत खेळीपूर्वी पाहायचे. तीन, अडकलेल्या प्याद्यांचे राजा-प्याद्याचे डाव. तीनपेक्षा जास्त नोंदी केल्या की त्यांतली एकही आचरणात येत नाही, हा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या नोंदीचा सराव मी असा केला. तीच स्थिती एक ओळ पुढे सरकवून मांडली: पांढरे प्यादे ई५, काळे प्यादे ई६, पांढरा राजा एफ६, काळा राजा डी७, खेळी काळ्याची. आता काळा काहीही खेळला तरी ई६ चे प्यादे पडते, पांढरा राजा सहाव्या ओळीवर आपल्या प्याद्यापुढे उभा राहतो आणि खेळी कोणाचीही असली तरी जिंकतो. एका ओळीच्या फरकाने बरोबरीचा डाव विजयाचा होतो. आमच्या क्लबात शाळेतली मुले येतात, त्यांना मी या दोन्ही स्थिती शेजारी शेजारी दोन पटांवर मांडून देतो आणि दोन्ही बाजूंनी खेळायला लावतो. कोणतेही स्पष्टीकरण न देता अर्ध्या तासात त्यातल्या बहुतेकांना फरक हाताने कळलेला असतो.

शेवटची पायरी म्हणजे केलेले विश्लेषण समोरच्या खेळाडूला पाठवणे. डाव दोघांचा असतो, म्हणून निष्कर्षही दोघांचे असावेत. मी नानांना ३६व्या खेळीला त्यांचा हत्ती कुठे जाऊ शकत होता ते लिहून कळवले, आणि ४८व्या खेळीच्या डी७ बद्दल मनापासून दाद दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. हत्तीचे त्यांना नवीन होते. डी७ बद्दल मात्र म्हणाले, “भाऊ, हत्ती डी६ वर ठेवला तेव्हाच ते घर पाहून ठेवलं होतं. तू घेशील का नाही, एवढंच बघायचं होतं.” मी ४७व्या खेळीपुढे लिहिलेले वाक्य काढून पाहिले: ‘नानांना पर्याय नाही म्हणून अदलाबदल मागतात.’ त्या वाक्याखाली नानांचे उत्तर लिहून मी ते पान पूर्ण केले.